काकडीचे भूत आणि करंजीचे कातणे

मित्रांनो, नुसते नाव सांगितले तर तुमच्यातल्या निम्म्यांना मी कोण ते कळणार नाही, म्हणून आधी रूप सांगते. वीतभर लांबीची पितळेची दांडी, एका टोकाला रुपयाएवढे दातेरी चाक आणि दुसऱ्या टोकाला सारण भरायचा चिमुकला चमचा. करंजीच्या कडेवरून ते चाक फिरवले की जास्तीचे पीठ सुटते आणि कडेला नागमोडी नक्षी उमटते. असे मी एक जुने कातणे आहे. माझी गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. ती सांगण्यासारखी आहे की नाही, याचीही मला खात्री नाही. तिच्यातल्या काही गोष्टी मला स्वतःलाच नीट कळलेल्या नाहीत. तरी सांगून पाहते. कुठे चुकले तर पोटात घाला.

माझा जन्म नाशिकचा. तिथल्या एका कासाराने मला ओतले, चाकाचे दाते कानशीने एकेक करून घासले आणि दुकानाच्या दारात झाऱ्या-पळ्यांच्या शेजारी टांगले. सुमन नावाच्या एका नव्या नवरीने मला उचलले, चाक बोटाने फिरवून पाहिले आणि घरी नेले. पुढची पंचवीस वर्षे मी वर्षातून एकदाच काम केले. दिवाळी आली की डब्यातून बाहेर, दिवाळी संपली की पुसून डब्यात. बाकीचे अकरा महिने मी अंधारात काय करीत होते, असे कोणी विचारले तर मला सांगता येणार नाही. बहुधा वाट पाहत होते.

सुमनताईंचा मुलगा शशिधर डॉक्टर झाला आणि बायकोला घेऊन ब्रिटनमधल्या कार्डिफला निघाला. तेव्हा ताईंनी मला एका जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळले आणि सुनेच्या, प्रमोदिनीच्या हातात दिले. "हे फक्त करंजीला वापरायचं," त्या म्हणाल्या. "आंबट लावायचं नाही. पितळ आहे, कळकेल." प्रमोदिनीने मान डोलावली. मीही मनातल्या मनात डोलावली.

कार्डिफमध्ये माझा पहिला गोंधळ झाला तो दिवाळीचाच. नाशिकला दिवाळी कळायला कॅलेंडर लागत नसे. गल्लीतल्या प्रत्येक घरातून तळणीचा वास येई. इथे प्रमोदिनी एकटीच तळत असे, तेही खिडकी सताड उघडी टाकून, कारण वासाने पडदे भरतात. बाहेर सगळे शांत. दिवाळी फक्त आमच्याच घरात आली आहे आणि बाकीच्या गावाला तिचा पत्ताच नाही, असे मला दरवर्षी वाटे.

दुसरा गोंधळ उल्काने केला. उल्का ही शशिधर-प्रमोदिनीची मुलगी, कार्डिफमध्येच जन्मलेली. तिला मराठी येई, पण कुठली वस्तू तो, कुठली ती आणि कुठली ते, हे काही तिच्या डोक्यात शिरत नसे. ती मला "हा कातणं" म्हणे. कधी "ही कातणं" म्हणे. प्रमोदिनी न कंटाळता सांगे, "हा नाही गं, हे. हे कातणं." उल्का म्हणे, "बट व्हाय, आई? त्याला काय माहीत तो कोण आहे?" खरे सांगते, त्यानंतर कित्येक दिवस मलाही माझ्याबद्दल खात्री वाटेना.

आता त्या संध्याकाळकडे येते. साल १९८९. उल्का नऊ वर्षांची होती आणि सुमनताई, म्हणजे तिची आजी, पहिल्यांदाच कार्डिफला राहायला आल्या होत्या. त्या वर्षी भाऊबीज आणि इथल्या लोकांचे हॅलोवीन एकाच दिवशी आले. हॅलोवीन म्हणजे काय, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. मुले भुतांचे कपडे घालतात, घरोघर जाऊन खाऊ मागतात आणि मोठी माणसे भुतांना हसत हसत दार उघडतात. भुतांना घालवायचे की बोलवायचे, हेच मला उमगत नाही.

उल्काची एक मैत्रीण होती, शान नावाची, तीन घरे सोडून राहणारी. आजींना ते नाव जिभेवर बसेना, म्हणून त्या तिला शांता म्हणत. त्या उन्हाळ्यात शान आठवडाभर हॉस्पिटलात होती. परत आली ती मधुमेह घेऊन. सकाळ-संध्याकाळ सुई आणि जेवण मोजून. वाढदिवसांना आणि पार्ट्यांना ती आईने दिलेला सँडविचचा डबा घेऊन जाई आणि बाकीच्या मुली केक खात असताना कोपऱ्यात बसून तो खाई. हॅलोवीनला येणार नाही, असे तिने उल्काला सांगून टाकले होते. "मी नुसती बघत बसू?" असे ती म्हणाली म्हणे.

आजींना यातले काही पटत नव्हते. "मधुमेह म्हाताऱ्यांना होतो," त्या म्हणत. "नऊ वर्षांच्या पोरीला कुठून होणार? कोणाची तरी नजर लागली असेल." दिवाळीत त्यांनी शानपुढे तीनदा बेसनाचा लाडू धरला. शानने तिन्ही वेळा हात मागे घेतले. मुलीला आपल्या घरचे खायचे नाही, असे समजून आजी दुखावल्या.

उल्काने मात्र मनाशी ठरवले होते. हॅलोवीनची पार्टी आपल्या घरी करायची आणि टेबलावर असा एकही पदार्थ ठेवायचा नाही की जो शानला चालत नाही. शानला कोपऱ्यात बसू द्यायचे नाही. त्या पोरीला त्या दिवशी दुसरे काहीही नको होते.

दुपारी आजी वर झोपायला गेल्या आणि मायलेकींनी स्वयंपाकघरात भाज्या मांडल्या. सणाच्या दिवशी भुताचे नाव कशाला काढायचे, म्हणून प्रमोदिनीने सासूबाईंना फक्त "मुली येणार आहेत" एवढेच सांगितले होते. ती चूक होती की नाही, मी कोण ठरवणार?

उल्काने दिवाळीच्या डब्यातून मला काढले. "आई, बघ ना, ह्याला दात आहेत. भुताचे दात करायला परफेक्ट आहे."

"अगं, ते फक्त करंजीचं आहे. आजी रागावतील."

"आजी झोपली आहे. आणि मी धुवेन ना नंतर. प्रॉमिस."

प्रमोदिनीने जिन्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "बरं. पण लगेच पूस."

मित्रांनो, आयुष्यभर मैद्याच्या मऊ पारीवर फिरलेल्या चाकाला पहिल्यांदा काकडी लागली तेव्हाचे काय सांगू? थंडगार, ओली, घसरडी. काकडीचे पातळ काप मी निभावून नेले. उकडलेल्या बीटाचेही नेले. कच्च्या गाजरावर मात्र मी सरळ घसरले आणि उल्काला सुरी घ्यावी लागली. सफरचंदाच्या फोडींना मी नागमोडी कड दिली तेव्हा उल्का म्हणाली, "लुक, जबडा!" मी तर करंजी करीत होते. जबडा कधी झाला, मला कळले नाही.

शानच्या आईने कागदावर लिहून दिले होते, काय किती चालेल. प्रमोदिनी तो कागद वाचत होती आणि उल्का मांडत होती. गाजराची चेटकिणीची बोटे, त्यांना बदामाची नखे. संत्र्याचे छोटे भोपळे, डोळ्यांच्या जागी लवंगा टोचलेल्या. फ्लॉवरचा मेंदू आणि त्यावर बीटाच्या रसाचे लालभडक ओघळ. मधोमध एक अख्ख्या काकडीचे भूत, हात-पाय काड्या टोचून बसवलेले. सफरचंद काळे पडू नये म्हणून भोवती लिंबाच्या फोडी. हे सगळे स्टीलच्या मोठ्या ताटात. फ्रिज सणाच्या जेवणाने भरलेला, म्हणून ताट थंड पोर्चमध्ये ठेवले. आणि मी? मला धुवायचे राहिले. मी काकडीच्या कापांखाली ताटातच पडून होते.

मग दोघी शानला आणायला गेल्या. ती आपणहून येणार नव्हती. उल्काला तिचा हात धरून आणायचे होते.

हिवाळा आला की इथे सगळी घड्याळे तासभर मागे करतात; ती दोनच दिवसांपूर्वी केली होती, म्हणून अंधार लवकर पडत होता. आजींना त्याचा काही अंदाज नव्हता. त्या जाग्या झाल्या तेव्हा बाहेर काळोख. दिवेलागणीला आपण झोपून राहिलो, या धास्तीने त्या खाली आल्या. शशिधर हॉस्पिटलात, घरात दुसरे कोणी नाही. त्यांनी पोर्चचा दिवा लावला आणि उंबऱ्याशी ठेवलेले ताट त्यांना दिसले.

त्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. लिंबे. टोचलेल्या लवंगा. लाल ओघळ. काड्या खुपसलेली बाहुली. नाशिकला असे काही दाराशी दिसले असते तर अख्खी गल्ली गोळा झाली असती.

"अगं बाई," आजी अगदी हळू म्हणाल्या. "आता हिच्यावर?"

शांताला नजर लागली, आता उल्काची पाळी, असा त्यांनी हिशेब केला असावा. त्या घाबरल्या, पण थांबल्या नाहीत. उल्काचा कोट खुंटीवर होता. त्यांनी ताट त्या कोटावरून तीनदा उतरवले, चपला घातल्या आणि तशाच बाहेर पडल्या. मी काकडीखालून ओरडू पाहत होते की ताई, मी आहे, तुमचेच कातणे आहे. पण पितळेला आवाज असतो तो आपटल्यावरच.

घरापासून थोडे पुढे तीन रस्ते मिळत. तिथे लाल पोस्टाची पेटी होती. आजींनी तिच्या पायाशी ताट ठेवले, पुटपुटत काहीतरी म्हटले आणि पाठ फिरवली. उतारा ठेवला की मागे वळून बघायचे नाही. मागून हाक आली, अगदी ओळखीच्या आवाजात आली, तरीही नाही, कारण ती हाक माणसाची नसते. हे नाशिकला मी अनेकदा ऐकले होते. आता मी स्वतः उतारा झाले होते. उताऱ्याला हात लावत नाहीत. म्हणजे मी संपले, एवढे मला समजले. की आणखी काही होते, जे मला समजले नाही?

तेवढ्यात तीन भुते आली. कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांचे, म्हणजे बिनबॅगांचे, अंगरखे, तोंडाला पिठूळ पांढरा रंग. नाशिकच्या आजींनी ठेवलेला उतारा कार्डिफची भुते खाऊ लागली. गाजराची बोटे कराकरा मोडली. संत्री सोलली गेली. एकाने मेंदू अर्धा केला. भूत एवढे आवडीने फ्लॉवर खाते, हे मला माहीत नव्हते.

आणि समोरून उल्का, प्रमोदिनी आणि शान आल्या. शानच्या हातात तिचा तो सँडविचचा डबा होता, असलेला बरा म्हणून आणलेला.

उल्का थांबली. तिने ताट ओळखले. मग तिला पुढे चालत जाणाऱ्या आजी दिसल्या.

"आजी!"

आजींची पावले अडखळली, पण त्या वळल्या नाहीत. उलट भराभर चालू लागल्या.

"आजी, थांब ना!"

आजी थांबल्या नाहीत. मी त्यांची पाठ पाहत होते. खांदे आवळून घेतले होते त्यांनी.

शानने इंग्रजीत विचारले, "ते माझ्यासाठी होतं का?" तिने काही रागाने विचारले नाही. एखादी गोष्ट होणार हे आधीपासूनच ठाऊक असावे, तसे विचारले, आणि डबा छातीशी धरला. "आय'ल गो होम," ती म्हणाली.

तेव्हा उल्का रडतच ओरडली, "आजी, तो ताट शानची होता!"

आजी जागच्या जागी उभ्या राहिल्या.

त्यांनी नंतर प्रमोदिनीला जे सांगितले ते मी ऐकले आहे. त्या म्हणाल्या, "भूत कितीही आवाज काढेल, पण असं मराठी ते कुठून आणणार? 'तो ताट' म्हणणारी या जगात एकच आहे." त्या क्षणी मात्र आयुष्यात जे कधी केले नव्हते ते त्यांनी केले. त्या वळल्या.

पोस्टाच्या पेटीशी तीन बिनबॅगवाली पोरे तोंडे भरून उभी होती. त्यांतले सर्वांत लहान घास गिळून म्हणाले, "थँक्स, मिस. लव्हली कॅरट्स."

"आई, अहो, हे तुम्ही इथे का आणलंत?" प्रमोदिनीने विचारले.

"कोणी दाराशी करणी ठेवली, मला वाटलं." आजी म्हणाल्या. "लिंबं होती. बाहुली होती."

"ती काकडी आहे, आजी," उल्का हुंदके देत म्हणाली. "शानला शुगर नाही चालत. सगळे पार्टीत ती एकटी बसते. म्हणून मी शुगर नसलेली भूत केला."

आजींनी शानकडे पाहिले. लाडवापासून तीनदा मागे गेलेले ते हात त्यांना बहुधा तेव्हा कळले. मी नक्की सांगू शकत नाही. पण त्यांनी आधी शानकडे आणि मग ताटाकडे बराच वेळ पाहिले. ताटात काड्यांची काकडी उरली होती, थोडी लिंबे, काही काप आणि मी.

त्या खाली वाकल्या आणि उताऱ्याला त्यांनी हात लावला. दुसऱ्या कशाला नव्हे, मला. मला पदराने पुसत त्या म्हणाल्या, "चल शांता. पुन्हा करू."

शानला शब्द कळले नसतील. पण ती आली.

घरी आल्यावर आजींनी सगळ्यांना पाय धुवायला लावले. शानलाही. हा यांच्या हॅलोवीनचाच भाग असावा, असे समजून शानने निमूटपणे मोजे काढले आणि टबात पाय बुडवले. तोवर वर्गातल्या आणखी चार मुली आल्या. त्यांनीही न विचारता पाय धुतले. सात-आठ जणींच्या ओल्या पावलांचे ठसे कार्पेटवर उमटलेले मी पाहिले आणि हे कुठल्या सणाचे, हे ठरवणे मी सोडून दिले.

उरलेली सफरचंदे, काकड्या आणि गाजरे निघाली. आजी टेबलाशी बसल्या आणि त्यांनी मला हातात घेतले. बारा वर्षांनी. आंबट लावायचे नाही असे बजावणारा तोच हात मला सफरचंदावर फिरवीत होता. मुली "टीथ, टीथ" म्हणत होत्या, आजी "करंजी, करंजी" म्हणत होत्या आणि फोडी तर त्याच होत्या.

मोजायची वेळ आली तेव्हा प्रमोदिनीने कागद काढला. शान म्हणाली, कागद नको, तिला पाठ आहे. ती उठली, वाढायला लागली. सफरचंदाच्या सहा फोडी, अर्धे संत्रे, काकडी हवी तेवढी. तिने पहिली ताटली स्वतःची भरली. मग उल्काने आपली पुढे केली, "मला पण सेम." मग बाकीच्यांनीही केल्या. कोणी सातवी फोड मागितली की शान मान हलवून नाही म्हणे आणि सगळ्या हसत. शेवटी आजींनीही ताटली पुढे धरली. शानने सहा फोडी मोजल्या, एकेक बोट दाखवीत, मोठ्याने. आजींनी तिच्यामागून मराठीत मोजले. सँडविचचा डबा कुठे गेला, हे कोणालाच आठवले नाही.

पुढची काही वर्षे माझी चैन होती. दिवाळीला करंज्या आणि हॅलोवीनला भुते. पाहुणे माझे कौतुक करीत. मग उल्का मोठी झाली, शिकायला गेली, नोकरीला लागली. आजी नाशिकला परतल्या आणि एके वर्षी त्यांचे पत्र येणे थांबले. एका हॅलोवीननंतर मला कोणीतरी सफरचंदाच्या रसासकट तसेच डब्यात टाकले. माझ्या दात्यांत हिरवा गंज चढला. चाक अडकले. आता मी लंडनच्या हॅरोमध्ये उल्काच्या घरातल्या खणात आहे, मेणबत्त्या आणि जुन्या किल्ल्यांच्या सोबत. मी करंजीचे की भुताचे, तो, ती की ते, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही. न ठरवताही काम करता येते, एवढे मात्र मी शिकले.

मित्रांनो, उपदेश करायला मला संकोच वाटतो. तरी दोन गोष्टी मागते. तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी खणात असेल तर त्याला चिंच-मीठ लावून घासा, लगेच कोरडे करा आणि चाक एकदा फिरवून पाहा. आणि घरी कोणी यायचे असेल तर ताट मांडण्याआधी एवढे विचारा की तुला काय चालते. मग आम्हाला बाहेर काढा. कापायचे कसे ते आम्हाला येते. कोणासाठी, ते मात्र तुम्हीच सांगायला हवे.